आफ्रिकेतल्या शिकारीचं अंदाजपत्रक: दरपत्रकात न दिसणारा खर्च कसा धरायचा

नामिबिया किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या कुठल्याही शिकार-फार्मचं दरपत्रक उघडा, दोन आकडे ठळक दिसतील: दिवसाचा दर आणि जनावरागणिक ट्रॉफी-फी. नवखा माणूस या दोन्हींची बेरीज करतो, त्यात विमानाचं तिकीट मिळवतो आणि आगाऊ रक्कम भरून मोकळा होतो. हॉलचं भाडं म्हणजे लग्नाचा खर्च नव्हे, हे इथेही लागू आहे. ट्रॉफी, म्हणजे मारलेल्या जनावराची शिंगं, कवटी, कातडं, घरी आणायच्या असतील तर दरपत्रकातली बेरीज एकूण खर्चाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच भरते. बाकीचा पैसा गोळी झाडण्याआधी थोडा जातो आणि नंतर पुष्कळ.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, टेक्सास, न्यू जर्सी अशा ठिकाणी स्थायिक झालेले, तिथल्या परवान्यावर हरणाची शिकार करणारे आणि आता आफ्रिकेचा विचार करणारे. दुसरे, भारतात राहणारे, नेमबाजीची आवड असलेले. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांमुळे शौकाची शिकार बंद आहे. परदेशात तिथल्या कायद्याने करता येते, पण दोघांचं अंदाजपत्रक अगदी वेगळं होतं. कारण पुढे येईलच.

इथे फक्त हरणवर्गीय आणि तत्सम जनावरांची, म्हणजे ‘प्लेन्स गेम’ची शिकार धरली आहे: कुडू, गेम्सबॉक, इम्पाला, स्प्रिंगबॉक, वॉर्टहॉग (आफ्रिकी रानडुक्कर) वगैरे. रेडा, बिबट्या, सिंह, हत्ती यांचा खर्च, परवाने आणि वादही निराळ्या पातळीवरचे. पहिल्या सहलीत त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पायरी १: घरी काय आणायचंय ते आधी ठरवा

बहुतेक जण हा प्रश्न शेवटी विचारतात. तो पहिला हवा, कारण एकूण रकमेवर सगळ्यात जास्त परिणाम त्याचाच होतो. पर्याय चार:

- काहीच आणायचं नाही. फोटो काढायचे, मांस तिथल्या स्वयंपाकघरात खायचं.
- फक्त कवटी आणि शिंगं, उकळून, पांढरी करून. याला ‘युरोपियन माउंट’ म्हणतात.
- मान-खांद्यापर्यंतचा पेंढा भरलेला पुतळा, ‘शोल्डर माउंट’.
- अख्खं कातडं, जमिनीवर किंवा भिंतीवर टाकायला.

एकाच कुडूचा, ट्रॉफी-फी सोडून, वरखर्च पहिल्या पर्यायात शून्य आणि तिसऱ्यात ट्रॉफी-फीच्या जवळपास जाऊ शकतो. पाच जनावरांचे पाच शोल्डर माउंट करायचे म्हणजे घरात तेवढी भिंतही लागते. कुडूची शिंगं सव्वा मीटरच्या पुढे जातात. मान धरली तर साध्या अपार्टमेंटच्या छताला टेकतील. एखाद्-दुसरा माउंट आणि बाकीच्या कवट्या हा मेळ पहिल्या सहलीला पुरतो.

भारतात राहणाऱ्यांसाठी उत्तर ठरलेलं आहे: पहिला पर्याय. वन्यप्राण्यांचे अवयव आणि त्यापासून बनवलेल्या वस्तू कस्टम्सच्या निषिद्ध यादीत येतात. ‘एवढंसं शिंग तर आहे’ म्हणून बॅगेत टाकू नका. सुरीची शिंगाची मूठ, कातड्याचा पट्टा, बिल्टाँगची (वाळवलेल्या मांसाची) पुडी, सगळं तिथेच ठेवून या. फार्मवाल्याला हे आधीच सांगितलं तर तो स्वस्त पर्यायही देतो. त्याबद्दल खाली.

पायरी २: दरपत्रक तळटीपेपासून वाचा

आकडे खालीलप्रमाणे धरून चालायला हरकत नाही. फार्मागणिक आणि हंगामागणिक फरक पडतो, पण अंदाजपत्रकाला एवढे पुरतात.

दिवसाचा दर एका शिकाऱ्यामागे एक व्यावसायिक मार्गदर्शक असेल, म्हणजे ‘वन बाय वन’, तर २५० ते ४५० डॉलर. दोन शिकाऱ्यांत एक मार्गदर्शक घेतला की माणशी शंभरेक डॉलर कमी. शिकार न करणारा सोबती, म्हणजे बायको, नवरा किंवा मित्र, दिवसाला १०० ते २०० डॉलर. मार्गदर्शकाला सगळीकडे पीएच, म्हणजे प्रोफेशनल हंटर, म्हणतात. परदेशी पाहुण्याला नोंदणीकृत पीएचशिवाय दोन्ही देशांत शिकार करता येत नाही, त्यामुळे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

ट्रॉफी-फी साधारण अशी: इम्पाला, स्प्रिंगबॉक, वॉर्टहॉग ३५० ते ५०० डॉलर, लाल हार्टेबीस्ट, गेम्सबॉक ६०० ते १,२००, कुडू १,८०० ते २,८००, ईलँड त्याहूनही थोडं जास्त.

आता तळटीपा. खरी रक्कम इथे वाढते.

*जखमी जनावर.* रक्ताचा एक थेंब दिसला आणि जनावर सापडलं नाही, तरी पूर्ण फी द्यावी लागते. हा नियम सार्वत्रिक आहे आणि त्यावर घासाघीस होत नाही. मांस मात्र कुठल्याही परिस्थितीत फार्मवाल्याचं. ते विकलं जातं किंवा कामगारांत वाटलं जातं. फी भरली म्हणून मांसावर तुमचा हक्क येत नाही.

*येण्याचा आणि जाण्याचा दिवस.* सात दिवसांची शिकार म्हणजे नऊ दिवसांचा मुक्काम. हे दोन दिवस काही जण फुकट धरतात, काही जण सोबत्याच्या दराने लावतात.

*शिंगांच्या लांबीवर जादा फी.* दक्षिण आफ्रिकेत विशेषतः कुडूसाठी अमुक इंचांपर्यंत एक दर, त्यापुढे दुसरा, असं असतं. पीएच ‘मोठा आहे, मारा’ म्हणतो तेव्हा ही रेघ कुठे आहे ते तुम्हाला माहीत हवं. सहलीआधी लेखी विचारून घ्या.

*पॅकेज.* ‘पाच जनावरं, सात दिवस, एकच रक्कम’ हे ऐकायला सोयीचं. पण त्यातलं एखादं जनावर दिसलंच नाही तर पैसे परत मिळत नाहीत, कधीकधी बदली जनावरही मिळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने सुटे दर घ्यावेत. जेवढं मारलं तेवढंच द्यायचं, आणि न मारता परतायची मोकळीकही राहते. पॅकेज घेतलंच तर बदलीचा नियम ई-मेलवर मागा.

*व्हॅट.* दोन्ही देशांत तो १५ टक्के आहे. दरात धरलाय की वरून लागणार, एवढं विचारा. दक्षिण आफ्रिकेत ट्रॉफी निर्यात होणार असेल तर तिच्या फीवर व्हॅट लावला जात नाही. निर्यात होणार नसेल तर लागू शकतो. म्हणजे ट्रॉफी सोडून येणाऱ्या भारतीयाला उलट जास्त भरावं लागण्याची शक्यता आहे. हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, तुम्ही विचारा.

*दुसऱ्या फार्मवर जाणं.* तुमच्या यादीतलं जनावर तिथे नसेल तर गाडीने शे-दोनशे किलोमीटर जावं लागतं आणि दर किलोमीटरला डॉलर-दीड डॉलर लागतो. दारू, विमानतळावरून ने-आण, कपडे धुणं यांपैकी काय समाविष्ट आहे तेही पाहून घ्या. कपडे बहुधा रोज धुऊन मिळतात, त्यामुळे तीन जोड पुरतात आणि जादा सामानाचं भाडं वाचतं.

पायरी ३: फार्म निवडताना पैशाचा विचार

नामिबियात ट्रॉफी-शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. दोन्हीकडे सगळ्यात चांगले दिवस मे ते सप्टेंबर: हिवाळा, झाडी विरळ, जनावरं पाण्यावर येतात. जून ते ऑगस्टमध्ये फार्म आणि विमानं दोन्ही भरलेली असतात. सुट्टीत लवचीकता असेल तर मे किंवा सप्टेंबर धरा.

नामिबियात एका परवान्यावर एका जातीची जास्तीत जास्त दोन जनावरं ट्रॉफी म्हणून घेता येतात. परवाना पीएच काढतो. त्याची प्रत शिकार सुरू व्हायच्या आधी डोळ्यांनी पाहा. परवान्याशिवाय मारलेल्या जनावराला निर्यातीचा कागद मिळत नाही, मग पुढचा सगळा खर्च वाया. फार्मवाला नामिबियाच्या ‘नाफा’ किंवा दक्षिण आफ्रिकेच्या ‘फासा’ या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या संघटनेचा सदस्य आहे का ते तपासा. त्याच्या मागच्या हंगामातल्या तीन पाहुण्यांशी बोला, आणि त्यांना ‘मजा आली का’ असं विचारू नका. ‘शेवटच्या दिवशीचं बिल ठरल्यापेक्षा किती वाढलं आणि ट्रॉफी घरी यायला किती महिने लागले’ हे विचारा.

आगाऊ रक्कम ३० ते ५० टक्के असते आणि रद्द केल्यास बहुधा बुडते. उरलेली शेवटच्या दिवशी. क्रेडिट कार्ड चालतं असं म्हणतात, पण वर ३ ते ५ टक्के लावतात. दहा हजार डॉलरच्या बिलावर ते पाचशेपर्यंत जातं, म्हणजे एका इम्पालाची फी. बँकेतून पाठवलेलं बरं.

भारतातून पैसे पाठवताना एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली जावं लागतं. एप्रिल २०२५पासून आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंतच्या थेट पाठवणीवर टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) नाही. भारतातल्या एजंटाकडून टूर पॅकेज म्हणून घेतलं तर मात्र पहिल्या रुपयापासून लागतो. तो आयकर विवरणपत्र भरताना देय करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर रक्कम अडकून पडते.

पायरी ४: स्वतःची रायफल की भाड्याची?

आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या सहलीला भाड्याची. दिवसाला ३० ते ६० डॉलर आणि वापरलेल्या काडतुसांचे पैसे. सात दिवसांचे तीनशे-चारशे डॉलर होतात. हे महाग वाटतं, पण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा.

अमेरिकेतून नेताना निघण्यापूर्वी कस्टम्सकडे रायफल दाखवून ४४५७ क्रमांकाचा फॉर्म घ्यावा लागतो, नाहीतर परत आणताना ती आपलीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. कुलूपबंद कडक पेटी लागते. काडतुसं वेगळी, बहुतेक विमान कंपन्यांकडे ५ किलोची मर्यादा. काही कंपन्या प्रत्येक टप्प्याला हाताळणीचं शुल्क लावतात. वाटेत ज्या देशात विमान बदलायचं तिथला संक्रमण-परवाना लागू शकतो. दक्षिण आफ्रिकेत पोलिसांचा ५२० क्रमांकाचा फॉर्म काळ्या शाईने भरायचा, सही मात्र तिथल्या अधिकाऱ्यासमोरच करायची. घरीच सही करून नेलेला फॉर्म परत भरायला लावतात. फार्मवाल्याचं निमंत्रणपत्र, तिकीट, मालकीचा पुरावा सोबत हवा. एका रायफलीमागे २०० काडतुसांची मर्यादा आणि ती त्याच कॅलिबरची. हे काम आधीच करून देणाऱ्या संस्था आहेत, त्यांची फी दीडशे डॉलरच्या घरात.

नामिबियात प्रक्रिया सोपी आहे, विमानतळावर पोलिसांकडे अर्ज भरून परवाना मिळतो. पण जोहान्सबर्गला सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागलं तर दक्षिण आफ्रिकेचाही परवाना लागतो. म्हणून तिकीट काढताना सामान विंडहुकपर्यंत, म्हणजे नामिबियाच्या राजधानीपर्यंत, थेट जातंय ना ते बघा. पिस्तूल आणि स्वयंचलित शस्त्रं नामिबियात नेता येत नाहीत.

भारतातून परवान्याची रायफल नेणं म्हणजे महिनोन्‌महिने कागद. त्यात पडू नका.

भाड्याची घेताना मात्र आधी विचारा: कॅलिबर कोणतं, दुर्बीण कोणती, आवाज दाबणारं नळकांडं आहे का, डावखुऱ्यासाठी आहे का. नामिबियात जनावराप्रमाणे गोळीच्या किमान ऊर्जेची अट आहे: स्प्रिंगबॉकसारख्या लहानांसाठी १,३५० ज्यूल, कुडू-गेम्सबॉकसाठी २,७००. .३०८ किंवा थर्टी-ओ-सिक्स कॅलिबरच्या रायफलीने दोन्ही भागतं. पोहोचल्यावर कागदाच्या निशाणावर निदान तीन गोळ्या झाडून बघा. तिन्ही एका मुठीच्या घेरात नसतील तर रायफल बदलून मागा. संकोच करू नका, चुकलेल्या गोळीचं बिल तुमच्याच नावावर येतं.

पायरी ५: सराव हाही खर्चच

अंदाजपत्रकात सरावासाठी ३०० डॉलर धरा. शंभरेक काडतुसं आणि तीन पायांची शूटिंग स्टिक. आफ्रिकेत जवळपास प्रत्येक गोळी उभ्याने, त्या तीन काठ्यांवर नळी टेकवून झाडायची असते. अंतर बहुधा १०० ते २०० मीटर. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून केलेला सराव इथे फार कामाचा नाही. पीएच काठ्या रोवतो, कानात ‘मारा’ म्हणतो आणि हातात काही सेकंद असतात.

दुसरी चूक गोळीच्या जागेची. अमेरिकेत हरणावर ‘खांद्याच्या मागे’ मारायची सवय असते. आफ्रिकी हरणांचं हृदय आणि फुप्फुसं त्यापेक्षा पुढे आणि खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतात. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर जा आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात मारा. खांद्यामागे मारलेली गोळी पोटाच्या बाजूला जाते, जनावर काही किलोमीटर चालतं, माग काढणाऱ्यांचा दिवस त्यात जातो, आणि सापडलं नाही तर कुडूचे दोन हजार डॉलर गेले. ही फी वाचवणारी गोष्ट एकच: शंभर काडतुसांचा सराव. शंका वाटली तर गोळी झाडू नका. पीएच नाराज होत नाही.

पायरी ६: प्रवास, व्हिसा, विमा, बक्षिसी

हे भराभर. अमेरिकी पासपोर्टधारकांना १ एप्रिल २०२५पासून नामिबियाचा व्हिसा लागतो, १,६०० नामिबियन डॉलर, म्हणजे साधारण ९० अमेरिकी डॉलर. भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधीच काढावा लागतो. तिकीट नामिबियाचं असलं तरी जोहान्सबर्गला बाहेर पडावं लागणार असेल तर तोही हवा.

मुंबईहून स्वस्त तिकिटं बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतात. हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे बारा तासांहून जास्त थांबा झाला तर दक्षिण आफ्रिका लसीचं प्रमाणपत्र मागते, आणि विमानतळाबाहेर पडलात तर परतताना भारतातही ते दाखवावं लागतं, नाहीतर विलगीकरण. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं, तेव्हा आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. आखाती देशांमार्गे गेलात तर ही कटकट नाही.

प्रवासविमा घेताना ‘शिकार’ आणि ‘बंदूक’ हे दोन शब्द वगळलेल्या गोष्टींत शोधा. साध्या पॉलिसीत ते बरेचदा असतात. फार्मवरून हेलिकॉप्टर किंवा विमानाने इस्पितळात नेण्याची तरतूद स्वतंत्र घ्यावी. दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांताच्या सखल भागात मलेरिया आहे. तिथलाच ईस्टर्न केप प्रांत आणि मध्य नामिबिया इथल्या फार्मांवर सहसा नाही. गोळ्यांचा खर्च त्याप्रमाणे.

बक्षिसी ऐच्छिक म्हणतात, पण धरलीच पाहिजे. पीएचला दिवसाला ७० ते १२० डॉलर, माग काढणारे आणि कातडी सोलणारे यांना प्रत्येकी दिवसाला १० ते २०, स्वयंपाकघर आणि इतर कामगारांसाठी एक एकत्रित पाकीट. पीएचला डॉलर चालतात. कामगारांना रँड किंवा नामिबियन डॉलर द्या, त्यांना गावातल्या दुकानात बदलून कोण देणार? नामिबियन डॉलर आणि रँड यांचं मूल्य एकास एक आहे. रँड नामिबियात चालतो. नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेत चालत नाही. उरलेले तिथेच संपवा.

पायरी ७: गोळीनंतरचा खर्च

इथे बहुतेकांचं अंदाजपत्रक मोडतं, म्हणून जरा सावकाश.

कातडं सोललं की काही तासांत मीठ लागायला हवं. उन्हात पडून राहिलं, घडी घालून ठेवलं किंवा ओठ, कान, पापण्यांच्या आत मीठ गेलं नाही, तर जिवाणू केसांची मुळं सैल करतात. दिसायला कातडं ठीक असतं, पण कमावताना केस झडतात आणि माउंट फुकट जातो. शोल्डर माउंट हवा असेल तर कातडं खांद्याच्या बरंच मागे कापायला सांगा. पुढे कापलं तर पुतळ्याला कमी पडतं. प्रत्येक कवटी आणि कातड्याला तुमच्या नावाची चिठ्ठी बांधून फोटो काढा. हे दहा मिनिटांचं काम आहे. पुढे दुसऱ्याच्या पेटीत तुमचा कुडू गेला तर ते फोटोच उपयोगी पडतात.

त्यानंतर माल ‘डिप अँड पॅक’ला जातो. निर्जंतुक द्रावणात बुडवणं, कवट्या उकळणं, वाळवणं, कागदपत्रं, लाकडी पेटी. जनावरामागे ६० ते १२० डॉलर आणि पेटी-कागदांचे वरून दोनशे ते चारशे. ट्रॉफी-फीमध्ये हे नसतं.

मग हवाई मालवाहतूक. हिचं भाडं खरं वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतल्या जास्त आकड्यावर लागतं; ट्रॉफीच्या पेटीत तो बहुधा आकारमानाचा. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घ्या आणि ६,०००ने भागा, ते ‘आकारी वजन’. १२० × १०० × १०० सेंटिमीटरची पेटी म्हणजे २०० किलो, आत खरं वजन साठ किलो असलं तरी. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, शिंगं कवटीच्या खुंट्यांवरून निघतील अशी ठेवायला सांगा, म्हणजे पेटी निम्मी होते. दुसरी, पेंढा आफ्रिकेत भरावा की अमेरिकेत? आफ्रिकेत मजुरी जवळपास निम्मी, पण तयार शोल्डर माउंट पेटीत प्रचंड जागा खातो. एक-दोन जनावरं असतील तर कच्चा माल अमेरिकेत आणून तिथल्या टॅक्सिडर्मिस्टकडे, म्हणजे पेंढा भरणाऱ्या कारागिराकडे, दिलेला बहुधा बरा. चार-पाच तयार माउंट एकत्र येणार असतील तर दोन्ही बाजूंची लेखी किंमत मागवून तुलना करा. मित्रांच्या ट्रॉफी एकाच पेटीत आल्या तर भाडं वाटून घेता येतं.

२०१५नंतर अनेक विमान कंपन्यांनी ट्रॉफी नेणं बंद किंवा मर्यादित केलं. त्यामुळे मार्ग कमी आणि भाडं चढं. ‘सामानातून घेऊन येऊ’ हा विचार सोडा.

आता एक उदाहरण. न्यू जर्सीहून नामिबिया, सात दिवस, एकटा शिकारी, पाच जनावरं. कुडू आणि गेम्सबॉकचे शोल्डर माउंट, बाकी तिघांच्या कवट्या. सगळं डॉलरमध्ये:

- दिवसाचा दर ३५० × ७: २,४५०
- येण्या-जाण्याचे दोन दिवस: ३००
- ट्रॉफी-फी (कुडू २,०००, गेम्सबॉक ७००, हार्टेबीस्ट ७५०, स्प्रिंगबॉक ४५०, वॉर्टहॉग ४५०): ४,३५०
- दरपत्रकातली बेरीज: ७,१००
- विमानतळ ने-आण ३००, रायफल आणि काडतुसं ३४०, बक्षिसी ८१०, व्हिसा ९०, विमान १,८००, विमा २००, विंडहुकमधली रात्र १५०, सराव ३००: ३,९९०
- डिप अँड पॅक आणि पेटी ८००, हवाई भाडं १,४००, अमेरिकेतला क्लिअरिंग एजंट ६५०, टॅक्सिडर्मी ३,०००: ५,८५०
- राखीव, एक जखमी किंवा जादा जनावर: १,५००

एकूण १८,४४०. त्यातले ७,१०० दरपत्रकातले. सगळी रक्कम एकदम लागत नाही: आगाऊ रक्कम आत्ता, तिकीट सहा महिने आधी, मोठं बिल फार्मवर, आणि टॅक्सिडर्मीचे पैसे सहलीनंतर वर्षभराने. ते वर्ष धरून पैसे बाजूला ठेवा. नाहीतर कमावलेली कातडी टॅक्सिडर्मिस्टच्या शीतपेटीत पडून राहतात.

राखीव रकमेबद्दल एक गोष्ट. ती ‘जमलं तर झेब्रा’ यासाठी नाही. पाचव्या दिवशी, यादीतलं सगळं मिळून गेल्यावर, शेवटच्या दोन दिवसांत जी जनावरं दिसतात त्यांच्यावरच लोकांचं अंदाजपत्रक घसरतं. त्या जादा जनावराला ट्रॉफी-फीबरोबर डिप अँड पॅक, भाडं, माउंट सगळं लागतं. ७००च्या गेम्सबॉकचे अंती २,००० होतात. जास्तीत जास्त किती आणि कोणती, हे पीएचला पहिल्याच संध्याकाळी सांगून टाका.

भारतात राहणाऱ्याचं अंदाजपत्रक

ट्रॉफी आणायची नाही, म्हणजे देखण्या शिंगांसाठी पैसे मोजायचं कारण उरत नाही. प्रत्येक फार्मला कळपाची संख्या आवरण्यासाठी माद्या, तुटक्या शिंगांचे किंवा म्हातारे नर काढावे लागतात. याला ‘मॅनेजमेंट’ किंवा ‘कल’ शिकार म्हणतात. माग काढणं, दबकत जाणं, नेम, सगळं तेच. फी निम्म्याहून कमी.

दोन मित्र, एक पीएच, पाच दिवस. माणशी: दिवसाचा दर २५० × ५ म्हणजे १,२५०, येणं-जाणं ३००, दोन स्प्रिंगबॉक आणि एक गेम्सबॉक मादी मिळून ८००, गाडी १५०, रायफल आणि काडतुसं २४०, बक्षिसी ३५०. झाले ३,०९० डॉलर. डॉलर ९० रुपयांनी धरला तर २,७८,१००. विमान ९०,०००, व्हिसा-विमा-लस २५,०००, राखीव ५०० डॉलरचे ४५,०००. एकूण ४,३८,१०० रुपये. व्हॅट दरात धरलेला नसेल तर तो यावर.

पायरी ८: माल अमेरिकेत पोहोचल्यावर

वन्यप्राण्यांचा माल फक्त ठरावीक बंदर-विमानतळांवर उतरवता येतो. नेवार्क, न्यूयॉर्क, अटलांटा, शिकागो, डॅलस, ह्यूस्टन त्यांत आहेत. घराजवळचं ठिकाण पेटी निघण्याआधीच निर्यातदाराला कळवा. मत्स्य आणि वन्यजीव सेवेचा ३-१७७ फॉर्म भरावा लागतो. हे एजंट करतो, आणि पहिल्यांदा त्याच्याकडूनच करून घ्यावं. हार्टमनचा डोंगरी झेब्रा, कॅराकल, बबून अशी काही जनावरं साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत; त्यांना वेगळा निर्यात-परवाना लागतो, म्हणजे वेळ आणि फी दोन्ही वाढतात. कुठलंही जनावर मारण्याआधी पीएचला ‘याला साइटिस लागतं का’ हे विचारून ठेवा.

कृषी खात्याची अट वेगळी. लाळ्या-खुरकूत असलेल्या देशांतून आलेली हरणवर्गीयांची कच्ची कातडी मान्यताप्राप्त टॅक्सिडर्मिस्टकडेच जाऊ शकतात. वॉर्टहॉगला आफ्रिकन स्वाइन फीव्हरमुळे तीच गत. तुमच्या गावातला टॅक्सिडर्मिस्ट त्या यादीत आहे का ते सहलीआधी बघा, कारण पेटीवर त्याचा पत्ता आधीच लिहावा लागतो. कवटीला मांस किंवा चरबीचा कण चिकटलेला दिसला तरी माल अडतो.

पेटी विमानतळाच्या गोदामात उतरली की थोडेच दिवस मोफत असतात, नंतर रोजचं साठवण-भाडं चालू होतं. एजंटाला मुखत्यारपत्र, पासपोर्टची प्रत आणि शिकार-परवान्याची प्रत पेटी आफ्रिकेतून निघायच्या आधीच पाठवून ठेवा, आणि विमानाची पावती क्रमांकासह हातात आली की त्याच दिवशी त्याला कळवा.